तिजोरी शाबूत, पण दार बंद!

१२ एप्रिल २०२५ हा दिवस आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. शनिवार होता आणि हनुमान जयंतीहि होती. दुपारच्या सुमारास देशांत ठिकठिकाणीं लोकांचे मोबाईलवरून पैसे देण्याचे व्यवहार अडूं लागले. भाजीच्या गाडीपाशीं, औषधांच्या दुकानांत, रिक्षांतून उतरतांना माणसें हातांतील फोनकडे पाहत खोळंबून राहिलीं. खात्यांत पैसा होता, दुकानदार तो घेण्यास तयार होता. मधला निरोप्या तेवढा उत्तर देईना. हा घोटाळा कित्येक तास चालला. कोणीं तिजोरी फोडली नव्हती, एक दमडीहि चोरीस गेली नव्हती; तरी त्या वेळेपुरता लोकांचा पैसा असून नसल्यासारखा झाला.

या व्यवहारांची व्यवस्था पाहणारें जें राष्ट्रीय महामंडळ मुंबईस आहे, त्यानें चौकशी केली तेव्हां कारण मोठें चमत्कारिक निघालें. यामागें कोणी शत्रु नव्हता. कांहीं बँकांच्या यंत्रांकडून ‘अमुक व्यवहाराचें काय झालें?’ अशा विचारणांचा अतोनात मारा होत होता. जुन्या व्यवहारांविषयींहि तोच प्रश्न पुन्हां पुन्हां येत होता. एखाद्या घरांतील दहा मुलांनीं स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहून ‘जेवण झालें कां?’ असा एकच धोशा लावावा, आणि त्यांना उत्तर देतां देतां आईला भाकरी थापण्यास उसंत मिळूं नये, तसाच हा प्रकार झाला.

ही गोष्ट चुकीनें घडली. परंतु जें चुकीनें घडूं शकतें, तें कोणी बुद्ध्या घडवूंहि शकतो. आणि जगांत तें वारंवार घडविलें गेलें आहे. पैशाचा कारभार पाहणाऱ्या सॉफ्टवेअरांत अशी कोणतीं छिद्रें राहतात, त्यांचा उपयोग कसा केला जातो, आणि आपण, म्हणजे खातेदार, कुटुंबप्रमुख, तसेंच सहकारी बँका व पतपेढ्या यांचे सभासद, यांतून काय बोध घ्यावा, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय यंत्रज्ञांचा खरा. पण त्याचें फळ प्रत्येक घराच्या उंबरठ्याशीं येऊन पोंचतें.

पैशाच्या सुरक्षिततेची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें चोर उभा राहतो. कुलूप, किल्ली, पहारेकरी, संकेतशब्द, हीं सारीं साधनें चोरासाठीं. परंतु या शास्त्राचे जाणते तीन गुणांची गोष्ट सांगत असतात. पहिला गुण गुप्ततेचा: माझें खातें परक्याच्या दृष्टीस पडूं नये. दुसरा अविकृततेचा: त्यांतील आंकडे कोणी फिरवूं नयेत. तिसरा उपलब्धतेचा: मला हवें त्या वेळीं तें मला मिळावें. पहिल्या दोन गुणांची काळजी सारेच वाहतात. तिसरा बिचारा मोठ्या कुटुंबांतील मधल्या मुलासारखा उपेक्षित राहतो. या तिसऱ्या गुणावर जो घाला पडतो, त्यास इंग्रजींत ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ असें नांव आहे. आम्ही या लेखांत त्यास ‘सेवारोध’ म्हणूं.

नांव नवें असलें तरी कल्पना जुनीच आहे. वनवासांत पांडवांपाशीं सूर्यानें दिलेली थाळी होती. द्रौपदीचें जेवण होईपर्यंत तींतील अन्न सरत नसे. एकदां तिचें जेवण झालें म्हणजे त्या दिवसापुरती थाळी रिकामी. दुर्योधनानें ही थाळी चोरण्याचा उद्योग केला नाहीं, किंवा तींत विषहि कालविलें नाहीं. त्यानें दुर्वास ऋषींस दहा हजार शिष्यांसह नेमक्या त्या वेळीं पांडवांच्या दारीं जाण्याची विनंती केली. आलेला प्रत्येक जण अतिथि होता, चोर नव्हता. कोणालाहि दारांतून परत लावणें धर्मास धरून नव्हतें. यजमानाच्या शक्तीबाहेर मागणी नेऊन त्याला गांठावें, एवढाच त्यांतील डाव. सेवारोधाचें सारें मर्म या कथेंत आहे.

दहा हजार शिष्यांची वाट

सेवारोधाचा पहिला प्रकार निव्वळ संख्येच्या बळावर चालतो. सप्टेंबर १९९६ मध्यें न्यूयॉर्क येथील पॅनिक्स नांवाच्या इंटरनेट पुरविणाऱ्या संस्थेवर असा घाला पडला. त्यांतील युक्ति समजण्यास पंगतीचा दाखला पुरे आहे. दोन यंत्रें एकमेकांशीं बोलूं लागण्यापूर्वीं त्यांच्यांत तीन वाक्यांची देवघेव होते. पहिलें विचारतें, ‘येऊं काय?’ दुसरें सांगतें, ‘या, पान मांडलें आहे.’ मग पहिलें म्हणतें, ‘हा आलोंच.’ आतां पहिलें वाक्य उच्चारून तिसरें मुळींच न उच्चारणारे हजारों खोटे पाहुणे निरोप पाठवीत राहिले, तर सारी पंगत रिकाम्या पानांनीं अडून जाते आणि खरा भुकेला मनुष्य दाराशीं ताटकळत राहतो. डॅनियल बर्नस्टाईन या गणितज्ञानें त्याच महिन्यांत यावर एक सुरेख तोड सुचविली. विचारणा करणाऱ्याच्या हातीं खुणेची चिठी द्यावी, आणि ती चिठी घेऊन तो परत येईल तेव्हांच पान मांडावें. उपाय साधा, पण तो सुचण्यास आधीं पंगत मोडावी लागली!

पुढें फेब्रुवारी २००० मध्यें याहू, ॲमेझॉन, ईबे, सीएनएन आणि शेअरांची खरेदी-विक्री करणारी ई-ट्रेड अशीं मोठीं नांवें एका आठवड्यांत एकामागून एक लुळीं पडलीं. शोध लागला तेव्हां हा पराक्रम कॅनडांतील एका पंधरा वर्षांच्या मुलाचा असल्याचें उघडकीस आलें! इ. स. २००७ मध्यें एस्टोनिया या चिमुकल्या देशांत एका सैनिकी स्मारकाच्या स्थलांतरावरून वाद पेटला, आणि सरकारी कचेऱ्या, वृत्तपत्रें व बँका यांच्या संकेतस्थळांवर कित्येक दिवस मारा होत राहिला. देशांतील सर्वांत मोठ्या बँकेस आपली इंटरनेटवरील सेवा कांहीं काळ बंद ठेवावी लागली. इ. स. २०११ च्या अखेरीपासून २०१३ पर्यंत अमेरिकेंतील बँकांवर असाच मारा झाला. त्याबद्दल मार्च २०१६ मध्यें सात इराणी इसमांवर आरोपपत्र ठेवण्यांत आलें. ४६ संस्था त्यास बळी पडल्या, लाखों खातेदारांस आपलें खातें पाहतां आलें नाहीं, आणि निवारणाचा खर्च कोट्यवधि डॉलरांवर गेला, असें त्यांत म्हटलें होतें.

यांपैकीं सर्वांत बोधप्रद उदाहरण आम्हांस न्यूझीलंडचें वाटतें. २५ ऑगस्ट २०२० रोजीं तेथील शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर मारा सुरू झाला, आणि लागोपाठ चार दिवस बाजाराचा व्यवहार मधून मधून थांबवावा लागला. यांतील मौज अशी कीं, सौद्यांचें मुख्य यंत्र धडधाकट होतें. बंद पडलें होतें तें कंपन्यांचीं जाहीर निवेदनें दाखविणारें संकेतस्थळ. परंतु निवेदनें कांहींना दिसावींत व कांहींना दिसूं नयेत, अशा स्थितींत सौदे चालू ठेवणें न्यायाचें नव्हे, म्हणून साराच बाजार थांबविणें प्राप्त झालें. वाड्याची तिजोरी भक्कम, पण सूचनांचा फळा दिंडीदरवाजावर टांगलेला. आणि दरवाजांत गर्दी झाली म्हणून तिजोरीहि उघडतां येईना! जानेवारी २०२१ मध्यें तेथील नियामक संस्थेनें आपल्या अहवालांत हल्लेखोरांवर सारें खापर फोडून विषय संपविला नाहीं. असा घाला येईल हें आधीं ओळखतां येण्याजोगें होतें, आणि बाजाराच्या चालकांची तयारी अपुरी होती, असा ठपका तिनें ठेवला. आमच्या मतें हा ठपका प्रत्येक बँकेच्या संचालकानें भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

एकच पाहुणा, पण कसा!

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे, आणि ‘सॉफ्टवेअरांतील छिद्र’ हे शब्द खरोखर त्यासच शोभतात. येथें दहा हजार शिष्यांची जरुरी नाहीं. एकच पाहुणा येतो. पण तो अशी कांहीं मागणी करतो कीं, ती पुरवितां पुरवितां सारें घर थकून जावें. मागणाऱ्यास शब्दाचे कष्ट, पुरविणाऱ्यास जन्माचे! या विषम प्रमाणांतच सारी मेख आहे. त्याचीं तीन उदाहरणें देतों.

पहिलें खतावणीचें. आमच्या आजोबांच्या पिढींतील पेढ्यांवर खात्यांचीं नांवें अक्षरवार लावण्याची चाल होती. ‘गोखले’ हवे असले तर ‘ग’चा कप्पा उघडावा, चार पानें चाळावींत, खातें सांपडलें. संगणकहि हेंच करतो. फरक एवढाच कीं, कोणतें नांव कोणत्या कप्प्यांत घालावयाचें हें तो गणिताच्या एका नियमानें ठरवितो. आतां हा नियम एखाद्या खोडसाळास ठाऊक झाला, आणि त्यानें शोधून शोधून एकाच कप्प्यांत पडतील अशीं दहा हजार नांवें पाठविलीं, तर काय होईल? प्रत्येक नवें नांव लिहितांना आधींचीं सारीं ताडून पाहावीं लागतील. असें करतां करतां सुमारें ५ कोटी वेळां ताडून पाहण्याचें काम निघतें. तीं नांवें सर्व कप्प्यांत विखुरलेलीं असतीं तर हेंच काम कांहीं हजारांत आटोपलें असतें. राइस विद्यापीठांतील स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनीं इ. स. २००३ मध्यें ही गोष्ट निबंधरूपानें मांडली. फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. डिसेंबर २०११ मध्यें बर्लिन येथील एका संमेलनांत अलेक्झांडर क्लिंक व यूलिआन वेल्डे यांनीं तीच युक्ति प्रचारांतील अनेक संगणकभाषांवर चालते असें दाखविलें, तेव्हां धांवपळ उडाली. मायक्रोसॉफ्टनें तर वर्ष संपण्याच्या आंत तातडीची दुरुस्ती काढली. मधलीं आठ वर्षें छिद्र उघडेंच होतें. उपाय काय? यंत्र सुरू होतांना नियमांत दर वेळीं एक गुप्त आंकडा मिसळावा, म्हणजे कप्पा कोणता हें बाहेरच्यास ओळखतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण संक्षेपाचें. बँका आपसांत जे निरोप पाठवितात त्यांपैकीं पुष्कळ एक्सएमएल नांवाच्या लेखनपद्धतींत असतात. आपल्या यूपीआयचे निरोप, आंतरराष्ट्रीय देण्याघेण्याचे नवे निरोप, कंपन्यांचे सरकारदरबारीं जाणारे ताळेबंद, या सर्वांस तिचाच आधार आहे. या पद्धतींत संक्षेप करण्याची सोय आहे: ‘क’ लिहिलें कीं अमुक शब्द समजावा, असें आरंभीं सांगून ठेवतां येतें. एका विनोदी पण घातकी डोक्यानें यावरून असें लिहिलें: ‘क’ म्हणजे हास्याचा एक शब्द, ‘ख’ म्हणजे दहा ‘क’, ‘ग’ म्हणजे दहा ‘ख’. अशा नऊ पायऱ्या चढून शेवटचें अक्षर एकदांच लिहावें. पत्र एक हजार अक्षरांचेंहि नाहीं. पण तें उलगडून वाचूं गेल्यास हास्याचा तो शब्द शंभर कोटी वेळां लिहावा लागतो, आणि सुमारें तीन अब्ज अक्षरांची जागा यंत्राच्या स्मरणांत अडून बसते. याचें नांवच ‘बिलियन लाफ्स’, म्हणजे अब्ज हास्यें, असें पडलें आहे. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट तांदूळ मागणाऱ्याची गोष्ट आपण मुलांस सांगतों; हा त्याचाच दहापटीचा भाऊ. निरोपांत संक्षेप कितीदां उलगडूं द्यावयाचे, याची मर्यादा ज्या सॉफ्टवेअरानें घातली नाहीं, तें या एका चिठीनें कोसळतें.

तिसरें उदाहरण निष्पाप चुकीचें आहे. प्रोग्रामकार मंडळींचें स्टॅक ओव्हरफ्लो नांवाचें एक प्रसिद्ध प्रश्नोत्तरांचें स्थळ आहे. तें २० जुलै २०१६ रोजीं ३४ मिनिटें बंद पडलें. कोणा एकाच्या मजकुरांत २०,००० कोऱ्या जागा ओळीनें आल्या होत्या. ओळीच्या शेवटच्या कोऱ्या जागा कापून टाकण्यासाठीं जो नियम लिहिला होता, तो पहिल्या जागेपासून शेवटापर्यंत जाई, शेवटीं कोरी जागा नाहीं असें पाही, मग दुसऱ्या जागेपासून पुन्हां शेवटापर्यंत जाई. असें करतां करतां सुमारें २० कोटी तपासण्या झाल्या. तो मजकूर मुखपृष्ठावर आल्यामुळें प्रत्येक भेट देणाऱ्याबरोबर हेंच पुन्हां घडूं लागलें. क्लाउडफ्लेअर ही संस्था तर इतरांचें अशा घाल्यांपासून रक्षण करण्याचाच व्यवसाय करते. तीच २ जुलै २०१९ रोजीं आपल्याच एका नव्या नियमाच्या अशाच चुकीमुळें २७ मिनिटें लुळी पडली, आणि तिच्या आश्रयास असलेलीं असंख्य संकेतस्थळें तिच्याबरोबर अडलीं. पहारेकऱ्यासच घेरी आली म्हणावयाची!

डिसेंबर २०२१ मध्यें या सर्वांवर कळस झाला. लॉगफोरजे नांवाचा एक लहानसा भाग जगांतील अगणित व्यापारी व हिशेबी सॉफ्टवेअरांत बसविलेला आहे. त्याचें काम रोजकीर्द लिहिण्याचें, म्हणजे यंत्रांत काय काय घडलें तें टिपून ठेवण्याचें. त्यांत प्रथम असा दोष आढळला कीं, परक्यास यंत्राचा ताबाच घेतां यावा. लोकांनीं घाईघाईनें दुरुस्त्या बसविल्या. तोंच थोड्या दिवसांत त्याच भागांत सेवारोधाचा निराळा दोष सांपडला. विशिष्ट मजकूर टिपूं गेल्यास तो भाग स्वतःच्याच अर्थांत स्वतःस शोधीत फिरे आणि शेवटीं कोसळे. त्यासाठीं पुन्हां नवी आवृत्ति काढावी लागली. कीर्द लिहिणाऱ्या कारकुनाच्या चक्करीनें पेढी बंद पडावी, असा हा प्रकार.

दुय्यम ठरलेला दोष

एवढें असून या दोषांकडे दुर्लक्ष कां होतें? एक कारण मोजमापांतच आहे. सॉफ्टवेअरांतील दोषांस ० पासून १० पर्यंत गुण देण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. जो दोष दुरून, संकेतशब्दावांचून वापरतां येतो आणि ज्यानें तिन्ही गुणांचा नाश होतो, त्यास तींत सामान्यतः ९.८ गुण मिळतात. तितक्याच सहज वापरतां येणारा, पण केवळ सेवा बंद पाडणारा दोष ७.५ वर थांबतो. व्यापारी सॉफ्टवेअरांत अग्रेसर असलेली जर्मनीची एसएपी ही कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं आपल्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. अशी यादी हातीं आली म्हणजे व्यवस्थापक वरपासून खालीं वाचतो. ९.८ ची दुरुस्ती रातोरात बसते; ७.५ ची ‘मार्चअखेर होऊं द्या’ म्हणून राहते. कारण दुरुस्तीसाठीं यंत्र घटकाभर थांबवावें लागतें, आणि हिशेबाच्या खात्यास तें घटकाभरहि थांबावयास नको असतें. थांबण्याच्या भयानें थांबण्याचें कारणच जतन करून ठेवावें, असा हा उफराटा न्याय आहे.

दुसरें कारण मनुष्यस्वभावांत आहे. चोरीचा आंकडा सांगतां येतो; खोळंब्याचा येत नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर संगणकी दरोडा पडला, त्यांत सुमारें ९४ कोटी रुपये गेले. ही गोष्ट आजहि घरोघर ठाऊक आहे. परंतु ३१ जुलै २०२४ रोजीं लहान बँकांस संगणकसेवा पुरविणाऱ्या एका संस्थेवर खंडणीखोरांचा घाला पडला, व सावधगिरी म्हणून तिला देण्याघेण्याच्या राष्ट्रीय व्यवस्थेपासून तोडावें लागलें. त्यामुळें सुमारें ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडले. हें आज किती जणांस स्मरतें? दुसऱ्या दिवशीं सेवा पूर्ववत् झाली आणि लोक विसरले. पण ज्याची मजुरी त्या दिवशीं त्या खात्यांत अडकली, किंवा ज्यास त्याच दिवशीं दवाखान्यांत अनामत भरावयाची होती, त्याचा खोळंबा कोणत्या वहींत लिहिला गेला? सेवारोधाचा खरा भार नेहमीं अशाच माणसावर पडतो. ज्याचीं चार बँकांत खातीं आहेत, त्याचें तिसरें-चौथें दार उघडें असतें. ज्याचें एकच आहे, त्याचें सारेंच बंद होतें.

कायद्यानें मात्र ही गोष्ट ओळखली आहे. आपल्या इ. स. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमांत, हक्कदार मनुष्यास संगणकाच्या उपयोगापासून अडविणें हें वेगळें अपकृत्य म्हणून नोंदलेलें आहे; चोरी घडलीच पाहिजे, अशी अट नाहीं. तसेंच एप्रिल २०२२ मधील आदेशानें अशा घाल्याची खबर सहा तासांच्या आंत केंद्रीय यंत्रणेस देणें संस्थांवर बंधनकारक झालें आहे. परंतु कायदा गर्दी पांगवूं शकत नाहीं. ती झाल्यावर न्याय करूं शकतो, एवढेंच.

करावें काय?

आमच्या वाचकांत, किंवा त्यांच्या आप्तवर्गांत, सहकारी बँका, पतपेढ्या व शिक्षणसंस्था यांचे संचालक पुष्कळ असतील. रिझर्व्ह बँकेनें ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकानें नागरी सहकारी बँकांसाठीं सुरक्षिततेच्या चार पायऱ्या आंखून दिल्या. त्या पाळल्या जातातच, असें गृहीत धरून चालूं. तरीहि सॉफ्टवेअर विकावयास येणाऱ्या गृहस्थांस संचालकांनीं चार साधे प्रश्न अवश्य विचारावेत. त्यांस संगणकाचें ज्ञान लागत नाहीं, संसाराचें पुरतें.

पहिला प्रश्न: येणाऱ्या निरोपाची लांबी, खोली आणि त्यावर खर्चावयाचा वेळ यांस मर्यादा आहे काय? कोणत्याहि पाहुण्याची मागणी कितीहि वेळ पुरवीत बसणारें घर बुडणारच. दुसरा: एका माणसानें किती वेळां मागावें, याचा नियम आहे काय? २०२५ च्या त्या घोटाळ्यानंतर यूपीआयमध्यें हेंच करण्यांत आलें. त्या वर्षीं १ ऑगस्टपासून एका ॲपमधून दिवसांत ५० वेळांच शिल्लक पाहतां येईल असें ठरलें, आणि व्यवहाराची स्थिति विचारण्यावरहि निर्बंध आले. तिसरा: सूचनांचा फळा आणि तिजोरी यांचीं दारें निराळीं आहेत काय? न्यूझीलंडचा धडा तो हाच. चौथा: सारें बंद पडलें तर हातानें काम चालविण्याची रीत कोणास येते काय, आणि तिची रंगीत तालीम शेवटीं केव्हां झाली? या चौथ्या प्रश्नाला ‘तशी वेळ येणारच नाहीं’ असें उत्तर मिळालें, तर त्या गृहस्थांस चहा पाजून निरोप द्यावा.

आतां घरापुरतें. दोन-तीन दिवसांच्या भाजी-दुधास, औषधास आणि एखाद्या तांतडीच्या प्रवासास पुरेल इतकी रोकड घरांत असावी. आपल्या आज्या डाळीच्या डब्यांत पैसे ठेवीत, त्यांस आपण हंसत आलों. परंतु उपलब्धता या गुणाचें त्यांचें ज्ञान आपल्याहून पक्कें होतें, असें म्हणावें लागतें. शक्य असल्यास कुटुंबांतील दोघांचीं खातीं दोन भिन्न बँकांत असावींत. कर, विम्याचा हप्ता, मुलांची फी अखेरच्या दिवसावर टाकूं नये. सारा देश ज्या घटकेस दाराशीं गर्दी करतो, त्याच घटकेस आपणहि तेथें असण्यांत शहाणपण नाहीं. व्यवहार अडला तर बटण दहा वेळां दाबूं नये. आपल्याला वाटतें आपण एकटे आहोंत. पण त्या क्षणीं लाखों अंगठे तेंच करीत असतात, आणि त्या सर्वांचे मिळून दुर्वासांचे शिष्य होतात. शिवाय पैसे दोनदां जाण्याचा संभव वेगळाच. सेवा बंद असतां ‘आम्ही बँकेंतून बोलतों, तुमचें खातें सुरू करून देतों’ असा फोन आला, तर तो तत्काळ ठेवावा. दारांत गर्दी झाली म्हणजे खिसेकापू तींत शिरावयाचाच. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस ही शेवटची गोष्ट तर आवर्जून व आदरानें समजावून सांगावी. कारण खोळंब्यानें प्रथम गांगरतात तीं तींच.

पांडवांवरील तो प्रसंग टळला, तो थाळींत चिकटून राहिलेल्या भाजीच्या एका पानानें आणि श्रीकृष्णाच्या येण्यानें. नदीवर स्नानास गेलेले दहा हजार शिष्य तेथूनच तृप्त होऊन परतले. आपल्या बँकांच्या दारीं तसा कोणी धांवून येईल, हा भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून थाळींत पान मुद्दाम राखून ठेवावयाचें, तें आपणच. आणि तें गर्दी होण्यापूर्वीं.